झेनोफन

झेनोफन (जन्म : इ.स.पू. सुमारे ४३०; मृत्यू : इ.स.पू. सुमारे ३५४) हा प्राचीन अथेन्समधील सेनानी, इतिहासकार आणि सॉक्रेटिसचा शिष्य होता. ‘ॲनाबेसिस’ या मोहिमेच्या वृत्तांतामुळे त्याचे नाव जगभर परिचित झाले. मात्र घोड्यांच्या जगात तो ओळखला जातो तो एका छोट्या पुस्तकामुळे. घोडा विकत घेताना काय पाहावे, नव्या शिंगराला माणसाची सवय कशी लावावी आणि त्याच्यावर स्वार कसे व्हावे, हे सांगणारा त्याचा अश्वारोहणविषयक ग्रंथ हा या विषयावरील संपूर्ण स्वरूपात उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रीक ग्रंथ मानला जातो.

पूर्वायुष्य

झेनोफनचा जन्म ॲटिका प्रांतातील एर्खिया या गावी झाला. आजच्या अथेन्स विमानतळाजवळचे स्पाता ते हेच. त्याच्या वडिलांचे नाव ग्रिल्लस. घराणे सधन होते, आणि अथेन्समध्ये सधन घरातील तरुण घोडदळात जाई. घोडा स्वारानेच बाळगायचा आणि वैरणीसाठी राज्याने भत्ता द्यायचा, अशी तेथील रीत होती. आपल्याकडील शिलेदाराशी तिचे बरेच साम्य दिसते. झेनोफन तरुणपणी या घोडदळात असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात.

पेलोपोनेशियन युद्धात अथेन्सचा पाडाव झाल्यावर इ.स.पू. ४०४ मध्ये तीस जणांची जुलमी राजवट आली आणि घोडदळाने तिची पाठराखण केली. राजवट कोसळून लोकशाही परतल्यावर घोडेस्वारांकडे लोक संशयाने पाहू लागले. पुढे स्पार्टाने आशियातील युद्धासाठी स्वार मागितले, तेव्हा अथेन्सने त्या राजवटीत सेवा केलेले ३०० जण पाठवले. ते परत न आले तरी बरेच, अशी नगराची भावना होती, असे झेनोफनच आपल्या इतिहासात नोंदवतो. मायभूमीत आपल्यासारख्यांना फारसे भवितव्य उरले नाही, हे त्याला त्याआधीच उमगले असावे.

सायरसची मोहीम

इ.स.पू. ४०१ मध्ये प्रॉक्झेनस या मित्राच्या बोलावण्यावरून झेनोफन इराणी राजपुत्र धाकटा सायरस याच्याकडे गेला. सायरसने थोरल्या भावाविरुद्ध, म्हणजे सम्राट अर्टझर्क्सीझविरुद्ध, सैन्य उभारले होते आणि त्यात सुमारे दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिक होते. बॅबिलोनजवळ कुनाक्सा येथील लढाईत सायरस मारला गेला. त्यानंतर टिसाफर्निस या क्षत्रपाने वाटाघाटीच्या निमित्ताने ग्रीक सेनापतींना बोलावून दग्याने पकडले. परक्या मुलखात अडकलेल्या या फौजेने जे नवे सेनापती निवडले, त्यांत झेनोफन होता.

येथे एक गमतीदार विसंगती आढळते. फौजेला धीर देताना त्याने घोडदळाची चक्क थट्टा केली. शत्रूचे दहा हजार स्वार म्हणजे अखेर दहा हजार माणसेच, घोड्याच्या चाव्याने वा लाथेने युद्धात कोणी मेल्याचे ऐकिवात नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. पुढच्याच वाटचालीत शत्रूचे थोडेसे स्वार आणि तिरंदाज पिछाडीवर आले आणि त्यांनी ग्रीकांना दिवसभर हैराण केले. पायदळाला त्यांचा पाठलाग करता येईना. झेनोफनने चूक मान्य केली व तोडगाही सुचवला. फौजेत काही घोडे होते : काही त्याचे स्वतःचे, काही मारल्या गेलेल्या क्लिआर्कसचे, तर बरेचसे शत्रूकडून पकडलेले आणि ओझे वाहण्यास लावलेले. ओझ्यासाठी दुसरी जनावरे देऊन त्याने हे घोडे मोकळे करवले आणि दुसऱ्याच दिवशी ५० स्वारांचे पथक उभे राहिले. अथेन्सचा लिकियस त्याचा नायक झाला. हमालीला जुंपलेली, धन्याची ओळखही नसलेली ही जनावरे पुढच्या चकमकीत शत्रूवर धावून गेली आणि १८ स्वार जिवंत हाती लागले. नव्या घोड्याकडून अल्पावधीत काम करून घेण्याचा हा त्याचा पहिला मोठा अनुभव असावा.

घोड्यावर बसणारा आणि पायी चालणारा यांतील अंतराची जाणीवही त्याला याच वाटेवर झाली. एक डोंगरमाथा शत्रूच्या आधी गाठायचा होता आणि झेनोफन घोड्यावरून सैनिकांना चढाईसाठी उत्तेजन देत होता. सोटेरिडस नावाचा शिपाई चिडून म्हणाला की, तू घोड्यावर आहेस, ढाल वाहून मी मेटाकुटीला आलो आहे. झेनोफनने उडी टाकली, त्याची ढाल हिसकावली आणि अंगावर स्वाराचे जड चिलखत असताना तो पायी चढू लागला. अखेर इतर शिपायांनीच सोटेरिडसला चोप देऊन ढाल परत घ्यायला लावली.

आर्मेनियातील शिंगरे

आर्मेनियाच्या पठारावर फौजेला बर्फाने गाठले. माणसे आणि जनावरे गारठून मेली, अनेकांच्या पायांची बोटे झडली. अशा अवस्थेत त्यांना जमिनीखाली घरे असलेली काही गावे लागली. झेनोफनच्या वाट्याला आलेल्या गावात सम्राटाला खंडणी म्हणून द्यायची १७ शिंगरे वाढवली जात होती. त्याचा स्वतःचा घोडा म्हातारा होता आणि प्रवासाने खंगला होता. तो सूर्याला वाहिलेला आहे असे ऐकल्यामुळे त्याने तो गावच्या मुखियाच्या स्वाधीन केला व खाऊपिऊ घालून मग बळी द्यावा असे सांगितले. घोडा वाटेतच मरेल अशी धास्ती त्यामागे होती. त्याच्या बदल्यात त्याने स्वतःसाठी एक शिंगरू घेतले आणि इतर सेनापती व नायकांनाही एकेक दिले. ही जनावरे इराणी घोड्यांहून लहान, पण कितीतरी अधिक तेज होती.

बर्फातून त्यांना नेण्याची युक्ती मुखियानेच शिकवली : पायांना लहान पिशव्या बांधायच्या. तसे न केल्यास घोडे पोटापर्यंत रुतत. पुढे हाच मुखिया वाटाड्या म्हणून सोबत आला. पण वाटेत वस्ती लागेना म्हणून खिरिसोफस या सहसेनापतीने त्याला मारहाण केली आणि तो रात्री पळून गेला. सबंध प्रवासात आपले व खिरिसोफसचे भांडण झाले ते एवढ्याच कारणावरून, असे झेनोफन लिहितो. रागाच्या भरात हात उचलल्याने कामाचा माणूस गमावला जातो हे त्याने येथे पाहिले. घोड्यांविषयी पुढे त्याने जे लिहिले, ते वाचताना हा प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही.

काळा समुद्र गाठून, थ्रेसमधील सेउथीस राजाची चाकरी करून तो लँप्सकसला पोहोचला तेव्हा त्याच्या हाती काहीच नव्हते. घरी परतण्याच्या खर्चासाठी त्याने आपला घोडा ५० दारिक या सुवर्णनाण्यांना विकला. बिऑन आणि नॉसिक्लिडीस यांना त्याचा या घोड्यावर जीव असल्याचे कळले. त्यांनी तो सोडवून त्याला परत दिला आणि किंमत घेण्यास नकार दिला. स्वतःविषयी लिहिताना झेनोफन क्वचितच हळवा होतो. हा उल्लेख त्याला अपवाद होय.

अश्वारोहणाचा ग्रंथ

पुढे तो स्पार्टाचा राजा अजेसिलाउस याच्या सेवेत गेला आणि अथेन्सने त्याला हद्दपार केले. स्पार्टाने त्याला ऑलिंपियाजवळ स्किलस येथे जमीन दिली. तेथे त्याने पत्नी फिलेसिया आणि ग्रिल्लस व डायोडोरस या मुलांसह शेती, शिकार व लेखन यांत बरीच वर्षे घालवली. अश्वारोहणाचा ग्रंथ मात्र त्याच्या उतारवयातील मानला जातो. तो त्याने आपल्या तरुण मित्रांसाठी लिहिला. सायमन नावाच्या पूर्वसूरीचे ऋण तो आरंभीच मान्य करतो.

हा ग्रंथ वाचताना लक्षात ठेवावे की, त्या काळी रिकीब नव्हती, आजच्यासारखे खोगीर नव्हते आणि खिळ्यांनी ठोकलेले नालही नव्हते. म्हणून खरेदीची पारख तो खुरांपासून सुरू करतो. पाया कच्चा असेल तर वरचे घर कितीही सुंदर असून उपयोग नाही, तसेच घोड्याचे. खूर जाड व तळाशी पोकळ हवे, आणि कठीण जमिनीवर पडताना ते झांजेसारखे वाजले पाहिजे. आधीच सवारीला लावलेला घोडा घेताना तो कडी तोंडात घेतो का, स्वाराला बसू देतो का, इतर घोड्यांना सोडून एकटा पुढे जातो का, दोन्ही बाजूंना सारखाच वळतो का आणि भरधाव असता थांबतो का, हे प्रत्यक्ष पाहावे. घरी आणल्यावर खूर घट्ट व्हावे म्हणून तबेल्याबाहेर मुठीएवढे गोटे चारपाच गाड्या पसरून त्यांवर त्याला उभे करावे, असा अगदी व्यवहारी सल्लाही तो देतो.

शिंगरू शिकवण्याचे काम चाबूकस्वाराकडे सोपवावे, पण मुलाला कारागिराकडे शिकायला ठेवताना करतात तसा लेखी करार करावा. त्याआधीची तयारी मात्र धन्याने घरीच करून घ्यायची. भूक, तहान आणि माश्यांचा त्रास यांची सांगड शिंगराच्या मनात एकटेपणाशी बसावी आणि चारा, पाणी व त्या त्रासातून सुटका यांची माणसाशी. असे घडले की ते माणसाची वाट पाहू लागते. मोतद्दाराने त्याला गर्दीतून, गोंगाटातून हिंडवावे. ते बुजले तर त्याला न मारता, त्या वस्तूत भिण्यासारखे काही नाही हे शांतपणे दाखवून द्यावे, स्वतः तिला हात लावावा. मारल्यास भय दुणावते, कारण वेदना त्या वस्तूमुळेच झाली असे घोड्याला वाटते. संतापलेल्या मनाने घोड्याजवळ कधीही जाऊ नये, हा या ग्रंथाचा सर्वांत प्रसिद्ध नियम. जबरदस्तीने करवून घेतलेल्या हालचालीत, चाबूक मारून नाचवलेल्या नर्तकाप्रमाणे, सौंदर्य नसते, हेही त्याचेच निरीक्षण.

तरीही झेनोफनला निव्वळ दयाळूपणाचा पुरस्कर्ता ठरवणे योग्य नव्हे. खंदक ओलांडण्यास नाखूश असलेल्या घोड्याला मागून चाबूक वापरावा असे तो सांगतो. मऊ कडीबरोबर एक खरबरीत कडीही बाळगायला लावतो. घोडा लढाईसाठी हवा होता आणि ऐनवेळी तो अडला तर स्वाराचा जीव जाणार, ही गोष्ट त्याच्या नजरेआड कधीच होत नाही.

याहून कितीतरी जुना, इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या सुमाराचा अश्वशिक्षणाचा मजकूर मितान्नीच्या किक्कुलीचा आहे आणि त्यातील काही संख्यावाचक शब्द संस्कृतशी जवळचे आहेत. पण तो रथाच्या घोड्यांविषयी आहे. प्रबोधनकाळात इटलीच्या फेदेरिको ग्रिसोने याने १५५० मध्ये अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला, तेव्हा झेनोफनचा आधार घेतला गेला. त्याचा सौम्यपणा मात्र ग्रिसोनेने उचलला नाही.

अखेरची वर्षे

इ.स.पू. ३७१ मध्ये ल्युक्ट्रा येथे थीब्जने स्पार्टाचा पराभव केला. त्यानंतर स्किलस हातचे गेले आणि झेनोफन कॉरिंथला राहू लागला. दरम्यान अथेन्स व स्पार्टा थीब्जविरुद्ध एकत्र आले होते. त्याचे दोन्ही मुलगे, बापाला हद्दपार करणाऱ्या त्याच अथेन्सच्या घोडदळात दाखल झाले. इ.स.पू. ३६२ मध्ये मँटिनियाच्या लढाईत ग्रिल्लस मारला गेला. पुढे युफ्रॅनोर या चित्रकाराने अथेन्समध्ये या घोडदळाच्या लढाईचे चित्र काढले, त्यात ग्रिल्लसला स्थान मिळाले. वार्ता आली तेव्हा झेनोफन डोक्यावर पुष्पमाला घालून देवकार्य करीत होता, त्याने माला उतरवली आणि मुलगा शौर्याने पडल्याचे कळल्यावर ती पुन्हा घातली, अशी आख्यायिका डायोजिनीस लायर्शियस या नंतरच्या चरित्रकाराने नोंदवली आहे.

‘हेलेनिका’ या आपल्या इतिहासग्रंथात झेनोफनने मँटिनियाचे वर्णन केले आहे. अथेन्सच्या स्वारांत चांगली माणसे पडली, एवढेच तो तेथे लिहितो; मुलाचे नाव घेत नाही. त्याच लढाईच्या वृत्तांताबरोबर तो ग्रंथ संपतो.