मोझार्टचे छोटेसे रात्रसंगीत

मोबाईलच्या रिंगटोनवर किंवा दूरदर्शनच्या जाहिरातीत आपण सर्वांनी एक ठसकेबाज व्हायोलिनची धून ऐकलेली असते. तिचा कर्ता वोल्फगांग आमाडेउस मोझार्ट. या अंकात आपण त्याची ओळख करून घेऊ.

मोझार्टचा जन्म २७ जानेवारी १७५६ रोजी साल्झबुर्ग येथे झाला. वडील लिओपोल्ड स्वतः उत्तम व्हायोलिनवादक आणि शिक्षक. त्याच वर्षी त्यांचे व्हायोलिनवादनावरील पुस्तकही प्रसिद्ध झाले. मुलाचे गुण ओळखून त्यांनी त्याला व बहीण नानर्लला घेऊन युरोपभर दौरे केले. मोठेपणी मोझार्ट साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या दरबारी नोकरीस होता, पण तेथील बंधने त्याला मानवली नाहीत. १७८१ मध्ये नोकरी सोडून तो व्हिएन्नात राहिला. वडिलांना हे रुचले नाही.

२८ मे १७८७ रोजी साल्झबुर्गला लिओपोल्ड वारले. अंत्यविधीला मोझार्ट नव्हता. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १० ऑगस्टला, 'डॉन जोव्हान्नी' या ऑपेराचे काम चालू असतानाच, त्याने आपल्या नोंदवहीत एका सेरेनेडची नोंद केली. हेच ते छोटेसे रात्रसंगीत.

सेरेनेड म्हणजे संध्याकाळी, बहुधा मोकळ्या हवेत, कुणाच्या सन्मानार्थ वा करमणुकीसाठी वाजवायचे संगीत. म्हणून त्याची चाल हलकीफुलकी आणि भाग आटोपशीर. या रचनेला दोन व्हायोलिन, व्हियोला, चेलो आणि डबल बास एवढीच तंतुवाद्ये लागतात.

पहिल्या भागाच्या आरंभी सर्व वाद्ये एकदम तीच धून वाजवतात, जणू ललकारी. मग एक नाजूक धून येते, दोन्ही थोड्या भटकतात आणि पुन्हा घरी परततात. दुसरा भाग संथ व गोड, पण मध्येच त्यावर उदास सावली पडून जाते. तिसरा तीन मात्रांचा मिन्युएट नाच. चौथ्यात मुख्य धून आपल्याकडच्या ध्रुवपदासारखी फिरून फिरून येते.

नोंदवहीत मात्र भाग पाच आहेत! आणखी एक मिन्युएट होता. हस्तलिखितातील ते पान नाहीसे झाले आहे.

ही रचना कुणासाठी लिहिली, याचा पुरावा नाही. मोझार्टच्या हयातीत ती छापली गेली नाही. ५ डिसेंबर १७९१ रोजी, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी तो गेला. पुढे पत्नी कॉन्स्टान्झने त्याची हस्तलिखिते जपली व प्रकाशकाला दिली, आणि १८२७ च्या सुमारास ही रचना छापली गेली. ते कागद रद्दीत गेले असते तर?

वडिलांच्या निधनानंतरच्या त्या दिवसांत त्याच्या मनात काय होते, हे आपण सांगू शकत नाही. पण दुसऱ्या भागातील ती सावली ऐकताना आपण क्षणभर थांबतो खरे. पालकांनी व मुलांनी एका संध्याकाळी एकत्र बसून चारही भाग ऐकावेत. जेमतेम वीस मिनिटे लागतील.