दोन विल्यम आणि एक साइडकार

साइडकार म्हटलं की आपल्या पिढीला पहिले आठवतात ते 'शोले'तले जय आणि वीरू. नाहीतर मग स्कूटरला जोडलेला तो पत्र्याचा डबा, त्यात बसलेली आजी आणि तिच्या मांडीवर भाजीची पिशवी! इथे इंग्लंडात मात्र साइडकारचा धागा धरून गेलं तर आपण थेट जॅग्वारपर्यंत पोहोचतो. ज्यांनी जॅग्वार उभी केली त्या सर विल्यम लायन्सची सुरुवात मोटारसायकलच्या शेजारी लावायच्या एका डब्यापासून झाली. आणि तो डबा मुळात त्याचा नव्हताच, तो शेजाऱ्याचा होता.

विल्यमचा जन्म ४ सप्टेंबर १९०१ चा, ब्लॅकपूलचा. वडील मूळचे आयर्लंडचे, गावात त्यांचं वाद्यांचं आणि पियानोचं दुकान. मुलाचा जीव मात्र मोटारसायकलींत अडकलेला. शाळेनंतर मँचेस्टरच्या क्रॉस्ले मोटर्समध्ये उमेदवारीला चिकटवून दिलं, पण तिथे तो काही रमला नाही. १९१९ मध्ये परत ब्लॅकपूलला येऊन गाड्यांच्या दुकानात विक्रेता झाला. मोटारसायकल घ्यायची, तिच्याशी खटपट करायची, चढणीच्या शर्यतीत नाहीतर किनाऱ्यावरच्या वाळूत पळवायची, ती विकायची आणि दुसरी घ्यायची, असा सगळा उद्योग. आपल्याकडे अशा मुलाला काय म्हणतात ते सांगायला नकोच.

१९२१ मध्ये त्याच्या घराजवळ एक कुटुंब राहायला आलं, वॉल्म्स्ली नावाचं. त्यांचाही मुलगा विल्यमच! वयाने लायन्सहून बराच मोठा, पहिल्या महायुद्धात सैन्यात राहून आलेला. वडिलांचा कोळशाचा व्यापार होता, त्यामुळे पोटापाण्याची फारशी चिंता नव्हती. युद्ध संपल्यावर सैन्याच्या ट्रायम्फ मोटारसायकली स्वस्तात विकायला निघाल्या, तेव्हा या गड्याने त्या घेऊन घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त करायचा छंद लावून घेतला. त्याला जोड म्हणून स्वतःच साइडकार बनवायला लागला. आठवड्याला साधारण एक, असा निवांत कारभार. आतल्या गाद्या आणि अस्तरं घरातल्या बायका शिवायच्या.

पण ती साइडकार दिसायला काय होती! त्या काळच्या साइडकार म्हणजे वेताच्या खुर्चीला चाक लावल्यासारख्या, नाहीतर बाळाच्या बाबागाडीच्या मोठ्या बहिणी. वॉल्म्स्लीने लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या अशा ठोकल्या की डबा अष्टकोनी झाला, पुढे निमुळता होत टोकाला मिळाला आणि आकाशातल्या झेपेलिनसारखा दिसायला लागला. वर घासूनपुसून चकचकीत केलेला. रस्त्यावरून गेला की लोक वळून बघायचे. विशीतल्या लायन्सनेही बघितलं आणि लगेच एक विकत घेतली.

ज्यांनी साइडकारची गाडी कधी चालवली नाही त्यांना यातली मेख कळावी म्हणून थोडं सांगते. मोटारसायकल वळणावर आपण झुकवतो. साइडकार जोडली की ती झुकत नाही, हँडल जोर लावून फिरवावं लागतं. इंग्लंडात साइडकार डावीकडे असते. ॲक्सिलरेटर दिला की गाडी डावीकडे ओढते आणि ब्रेक दाबला की उजवीकडे. डावं वळण जरा वेगात घेतलं तर डबा जमिनीवरून उचलला जातो, मग आतल्या माणसाने बाहेर कललेलं बरं. म्हणून जोडणाऱ्याला मोटारसायकल किंचित बाहेरच्या बाजूला कलवून बसवावी लागते, साइडकारच्या चाकाचं तोंड जरासं आत वळवावं लागतं, आणि जास्तीचं वजन ओढायला स्प्रॉकेट बदलून गिअर खाली आणावे लागतात. हे सगळं जमेपर्यंत चालवून बघायचं, सोडायचं, पुन्हा आवळायचं. हौशी माणसाचे रविवारच्या रविवार यात जातात, आणि घरचे लोक हताश होऊन बघत राहतात!

वॉल्म्स्ली त्या आनंदात पूर्ण सुखी होता. लायन्सला मात्र त्या डब्यात दुकान दिसलं. मोटार परवडत नाही पण बायको-मूल घेऊन फिरायचंय अशी हजारो कुटुंबं तेव्हा साइडकारच घ्यायची. आठवड्याला एक बनवून काय होणार? त्याने वॉल्म्स्लीच्या मागे लकडा लावला. दोघांच्या वडिलांनी प्रत्येकी ५०० पौंडांची हमी दिली आणि बँकेने १००० पौंडांची उचल मंजूर केली. अडचण एकच, लायन्स अजून कायद्याने सज्ञान नव्हता. सप्टेंबर १९२२ मध्ये तो २१ वर्षांचा झाला आणि 'स्वॉलो साइडकार कंपनी' सुरू झाली. साइडकारची किंमत २८ पौंड.

गंमत बघा, त्याच १९२२ साली ऑस्टिन सेव्हन ही छोटी मोटार बाजारात आली, आणि ज्यांनी साइडकार घ्यायची ते लोक हळूहळू चारचाकीकडे वळायला लागले. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. लायन्सने १९२७ मध्ये त्याच ऑस्टिन सेव्हनचा सांगाडा घेतला आणि त्यावर स्वतःची डौलदार बॉडी चढवली. आतलं यंत्र तेच, रूप मात्र पार वेगळं. साइडकारवाल्याचीच विद्या ती! मागणी एवढी वाढली की १९२८ मध्ये कारखाना कॉव्हेंट्रीला हलवावा लागला. १९३१ मध्ये 'एसएस वन' आली. या एसएसचा अर्थ नेमका काय, हे लायन्सने कधी धडपणे सांगितलं नाही.

याच सुमाराला दोन विल्यम वेगळे झाले. १९३४ च्या शेवटाला वॉल्म्स्ली कंपनीतून बाहेर पडला. त्याला रोजच्या रोज वाढणारा व्याप नको होता. पुढे त्याने कॅराव्हान बनवल्या. इतिहासाने त्याला तळटीपेत टाकलंय, पण माझं विचाराल तर मला हा माणूस फार आवडतो. आपली हौस कुठपर्यंत हौस आहे, हे त्याला कळलं होतं.

लायन्सला ते कळून घ्यायचंच नव्हतं. १९३५ मध्ये लंडनच्या मेफेअर हॉटेलात त्याने नवी गाडी दाखवली, एसएस जॅग्वार. जमलेल्या विक्रेत्यांना किंमत ओळखायला सांगितली. त्यांच्या अंदाजाची सरासरी निघाली ६३२ पौंड, आणि त्याने सांगितली ३८५! दुसऱ्या महायुद्धात कारखान्याने सैन्यासाठी पुन्हा हजारोंनी साइडकार बनवल्या. युद्ध संपता संपता एसएस या अक्षरांना हिटलरच्या फौजेचा असा वास लागला होता की १९४५ मध्ये ते नाव टाकून कंपनी नुसती जॅग्वार झाली. साइडकारचा धंदाही विकून टाकला.

विशेष म्हणजे हा माणूस कागदावर गाडी रेखाटत नसे. कारागिराला हाताशी धरून लाकूड आणि पत्र्याचा पूर्ण आकाराचा नमुना उभा करायचा, घरच्या अंगणात उजेडात ठेवायचा, लांबून बघायचा, इथे थोडं काप, तिथे थोडं उचल. १९४८ ची एक्सके १२० अशीच डोळ्यांनी घडली. वॉल्म्स्लीच्या गॅरेजमधली रीतच की ही!

मुलगी पॅट आणि तिचा नवरा इयन ॲपलयार्ड यांनी त्याच गाडीतून आल्प्समधल्या रॅली जिंकल्या. पण कंपनी पुढे चालवायची ती मुलाने, जॉनने, असं घरात ठरलेलंच होतं. जून १९५५ मध्ये जॉन ल मांच्या शर्यतीसाठी फ्रान्सला निघाला. वाटेत त्याच्या गाडीची अमेरिकन सैन्याच्या गाडीशी टक्कर झाली आणि तो गेला. २५ वर्षांचा होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या शर्यतीत भीषण अपघात होऊन ८० हून अधिक माणसं मेली. शर्यत जॅग्वारने जिंकली. त्या विजयाचं त्या घरात काय झालं असेल, याची कल्पनाच करवत नाही.

१९५६ मध्ये ते 'सर' झाले (तेव्हा इथून पुढे अहो-जाहो करायला हवं). १९५७ च्या फेब्रुवारीत कारखान्याला मोठी आग लागली, ती निस्तरून ते पुन्हा उभे राहिले. १९६१ मध्ये जिनिव्हात ई-टाइप आली, तिच्याबद्दल आमच्याकडच्या पुरुषमंडळींना मी काही सांगायची गरज नाही. पण साठी उलटल्यावर प्रश्न तोच राहिला, हे सगळं द्यायचं कोणाला? १९६६ मध्ये त्यांनी कंपनी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये विलीन केली, दोन वर्षांत ती अवाढव्य ब्रिटिश लेलँडच्या पोटात गेली, आणि ज्या गाडीचा एकेक बाक त्यांनी डोळ्यांनी ठरवला होता तिचे निर्णय समित्या घ्यायला लागल्या. १९७२ मध्ये ते निवृत्त झाले. वॉरिकशायरमधल्या वॉपनबरी हॉलच्या आपल्या घरी त्यांनी मेंढ्या आणि जर्सी गाई पाळल्या, त्यातही बक्षिसं मिळवली. १९८४ मध्ये जॅग्वार पुन्हा स्वतंत्र झालेली त्यांनी पाहिली, आणि ८ फेब्रुवारी १९८५ ला ते गेले.

पुढे १९८९ मध्ये फोर्डने जॅग्वार घेतली, आणि २००८ मध्ये फोर्डकडून लँड रोव्हरसकट टाटा मोटर्सने, २.३ अब्ज डॉलरना. ज्यांचे काका-मामा पिंपरीच्या टेल्कोत होते, अशा इथल्या घरांत त्या आठवड्यात भारतात किती फोन झाले असतील ते मोजायला नकोच.