येवगेनी झाम्यातिन
येवगेनी इवानोविच झाम्यातिन (१ फेब्रुवारी, १८८४ - १० मार्च, १९३७) हे रशियन कादंबरीकार व नौका-अभियंता होते. त्यांचा जन्म लेबेद्यान येथे झाला. सेंट पीटर्सबर्ग येथे जहाजबांधणीचे शिक्षण घेताना ते बोल्शेविक पक्षात सामील झाले. १९०५ च्या क्रांतिकाळात त्यांना तुरुंगवास घडला.

१९२०-२१ मध्ये त्यांनी 'आम्ही' ही कादंबरी लिहिली. तिच्यातील नागरिकांना नावांऐवजी क्रमांक आहेत. ते एकसारखा गणवेश घालतात आणि काचेच्या घरांत राहतात. माणसांची नाके वेगवेगळी असल्याने मत्सराला अजून जागा उरते, असे निवेदकाला वाटते. अखेरीस शस्त्रक्रियेने त्याची कल्पनाशक्तीच नष्ट केली जाते.

ज्या पक्षासाठी झाम्यातिन यांनी तुरुंगवास सोसला, त्याच पक्षाच्या राजवटीत ही कादंबरी छापू दिली गेली नाही. १९२४ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाला. पुढे लेखनाचे सर्व मार्ग बंद झाल्यावर १९३१ मध्ये त्यांनी स्टालिन यांना पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी मागितली. मॅक्सिम गॉर्की यांच्या मध्यस्थीमुळे ती मिळाली. पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. मायदेशात 'आम्ही' १९८८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ५१ वर्षांनी, प्रकाशित झाली.