संत इग्नेशियस लोयोला आणि मनातला काळोख

दर वर्षी ३१ जुलै रोजी आपण संत इग्नेशियस लोयोला यांचा सण पाळतो. येशूसंघाचे संस्थापक आणि जुन्या गोव्यात ज्यांचे पवित्र अवशेष आहेत त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे सोबती, एवढी त्यांची ओळख आपणा सर्वांना आहे. परंतु एके काळी हे संत जीव द्यावा इतक्या काळोखातून गेले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही हकीकत आम्ही येथे देत आहोत.

इग्नेशियस यांचा जन्म १४९१ साली स्पेनमधील लोयोला येथे झाला. ते पेशाने शिपाईगडी होते. २० मे १५२१ रोजी पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडून त्यांनी प्रभू येशूचे आणि संतांचे चरित्र वाचले. तेथे त्यांना एक गोष्ट उमगली. दरबारातील मानमरातबाचे विचार येताना गोड लागत, पण गेल्यावर मन रिते होई. संतांप्रमाणे जगण्याचे विचार मात्र गेल्यावरही आनंद मागे ठेवून जात.

मार्च १५२२ मध्ये मोन्सेरात येथे पवित्र मरियेच्या वेदीपाशी तलवार ठेवून ते मान्रेसा या गावी आले. ते भिक्षा मागून जेवत आणि रोज सात तास प्रार्थना करीत. केस व नखेही त्यांनी वाढू दिली. काही महिन्यांतच त्यांच्या मनाची शांती ढळली. आयुष्याची अजून सत्तर वर्षे असले कष्ट कसे सोसशील, असे कुणीतरी आतून विचारल्यासारखे त्यांना वाटले. त्यांनी त्याला उलट विचारले की, मला एक तास तरी जगवण्याची हमी तू देऊ शकतोस काय? तो विचार तेथेच हरला.

पुढची परीक्षा याहून कठीण होती. पापनिवेदन करूनही काहीतरी सांगायचे राहिले, अशी टोचणी त्यांना अहोरात्र लागली. त्यांच्या खोलीत एक मोठे भगदाड होते. त्यात उडी टाकावी अशी ऊर्मी वारंवार येई. असे करणे पाप आहे हे जाणून ते देवाला हाका मारीत आणि स्वतःला सावरीत. सुटका व्हावी म्हणून त्यांनी आठवडाभर अन्नपाणी सोडले. रविवारी ही गोष्ट त्यांनी आपल्या धर्मगुरूंना सांगितली. धर्मगुरूंनी उपास सोडण्याची आज्ञा केली आणि त्यांनी ती मानली. दोन दिवस बरे गेले. टोचणी परत आली तेव्हा ही वाट आपल्याला कुठे नेते आहे हे त्यांनी ओळखले. जुनी पापे पुन्हा उगाळायची नाहीत असे ठरवले आणि ते मोकळे झाले.

रात्री झोपायच्या वेळी मोठमोठे आध्यात्मिक विचार येऊन त्यांची झोप उडत असे. झोपेची वेळ झोपेलाच द्यायची, असा नियम त्यांनी केला. सर्पासारखे, डोळ्यांप्रमाणे चमकणारे एक सुंदर रूपही त्यांना वारंवार दिसे. ते देवाकडून नाही हे कळल्यावर ते हातातल्या काठीने त्याला झटकून टाकू लागले.

या अनुभवांतूनच त्यांचे आध्यात्मिक साधनेचे पुस्तक घडले. पोप तिसरे पॉल यांनी त्यास १५४८ साली मान्यता दिली. मन उदास असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, आणि जे गुप्त राहू पाहते ते जाणत्या माणसाला सांगून टाकावे, अशी शिकवण त्यात आहे. ३१ जुलै १५५६ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले. १६२२ साली त्यांना आणि संत झेवियर यांना एकाच दिवशी संतपद देण्यात आले.

संत इग्नेशियस आजारी होते असे आम्हांला म्हणायचे नाही. पण त्यांची रीत आजही उपयोगी पडते. आपल्या लोहारा तालुक्यातील सास्तूर आणि आसपासच्या गावांनी ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप सोसला आहे. गेलेल्या माणसाची हाक कानी आल्यासारखी वाटणे दुःखात अनेकांना घडते. काहींना मात्र शिव्या देणारे, हुकूम सोडणारे आवाज सतत येतात. त्याला बाहेरची बाधा समजून माणसाला कोंडू नये, मारू नये. सोयरिकीच्या भीतीने लपवूही नये. आवाजाचे ऐकलेच पाहिजे असे नाही. आता नको, संध्याकाळी बघू, असे त्याला सांगता येते. तो केव्हा वाढतो ते टिपून ठेवावे. रेडिओ, गाणे, हातातले काम, कुणाशी बोलणे यांनी तो मागे सरतो. जेवण आणि झोप चुकवू नये. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत. आवाज जीव देण्यास किंवा घेण्यास सांगत असेल, तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते.

आपल्या धर्मगुरूंनी संत इग्नेशियस यांना आधी जेवायला सांगितले, हे आपण विसरू नये. अशा घरी जाताना आपणही उपदेशाआधी पाच मिनिटे बसावे आणि ऐकून घ्यावे.

संत इग्नेशियस, आम्हांसाठी विनंती करा.