गोबीतील अंडे आणि त्याची किंमत

डायनोसॉर अंडी घालीत असत, ही गोष्ट आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. शंभर वर्षांपूर्वी ती तज्ज्ञांनाही खात्रीने सांगता येत नव्हती. फ्रान्समध्ये १८५९ साली अंड्याच्या कवचाचे काही तुकडे सापडले होते. पण ते एखाद्या प्रचंड पक्ष्याचे असावेत, असे समजले गेले. या प्रश्नाचा निकाल १९२३ च्या जुलै महिन्यात मंगोलियातील गोबीच्या वाळवंटात लागला आणि तेथे गेलेल्या मोहिमेचे नेते रॉय चॅपमन अँड्र्यूज यांचे नाव जगभर झाले. त्यांचे चरित्र साहसकथा म्हणून सांगण्याची प्रथा आहे आणि त्यात साहसाला तोटाही नाही. तथापि, त्या चरित्रात याहून गंभीर असा एक प्रश्न दडलेला आहे. भूमीच्या पोटातील ज्ञानधन कोणाचे आणि ते मिळविणाऱ्याने त्या भूमीतील माणसांशी कसे वागावे, हा तो प्रश्न होय.

अँड्र्यूज यांचा जन्म २६ जानेवारी १८८४ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील बेलॉइट या गावी झाला. रानावनात भटकणे हा त्यांचा लहानपणचा छंद. मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यात पेंढा भरून ते जिवंत भासतील असे मांडण्याची विद्या त्यांनी स्वतःच आत्मसात केली आणि तिच्या कमाईवर गावच्या कॉलेजातील शिक्षणाचा खर्च भागविला. १९०६ मध्ये पदवी मिळताच त्यांनी न्यूयॉर्क गाठले व अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या विख्यात संस्थेत नोकरी मागितली. जागा रिकामी नाही असे सांगण्यात आले, तेव्हा निदान फरशी पुसण्याचे काम तरी द्या, अशी गळ त्यांनी घातली. ते काम त्यांना मिळाले. त्याच संस्थेचे ते १९३५ मध्ये संचालक झाले.

आरंभीची वर्षे त्यांनी देवमाशांच्या अभ्यासात घालविली. जपान व कोरियाच्या किनाऱ्यांवर ते हिंडले. १९१६-१७ मध्ये चीनच्या युन्नान प्रांतात प्राणिसंग्रहाची मोहीम त्यांनी काढली. संस्थेचे तत्कालीन अध्यक्ष हेन्री फेअरफिल्ड ऑसबोर्न यांचा असा सिद्धांत होता की, सस्तन प्राण्यांचे व खुद्द मानवाचे मूलस्थान मध्य आशियात असावे. त्याचा पुरावा शोधण्यासाठी अँड्र्यूज यांनी न्यूयॉर्कच्या धनिकांकडून निधी जमविला व १९२२ मध्ये पहिली मोहीम गोबीत नेली. वाळवंटात मोटारी नेणे हा वेडेपणा आहे, असे पुष्कळांचे मत होते. अँड्र्यूज यांची योजना मात्र साधी व अचूक होती. पेट्रोल, पीठ इत्यादी सामान लादलेला उंटांचा तांडा आधीच पुढे पाठवायचा, मोटारींनी मागून येऊन ठरलेल्या ठिकाणी त्याला गाठायचे आणि परतताना त्याच उंटांवर जीवाश्म लादून आणायचे. पहिल्या वर्षी ७५, तर १९२५ मध्ये १२५ उंट या कामी होते. मेरिन नावाचा मंगोल तांडाप्रमुख एवढा पसारा घेऊन ठरलेल्या जागी येऊन पोहोचे. मोहिमेच्या यशात त्याचा वाटा कोणाहून कमी नव्हता.

जीवाश्म ओळखणे व उचलणे ही विद्या वेगळीच आहे. ओसाड उतारांवर वारा व पाऊस खडकाची झीज करतात आणि आत गाडलेली हाडे उघडी पडतात. शोधकाने मान खाली घालून तासन् तास चालायचे. रंगाने व पोताने निराळा दिसणारा एखादा तुकडा आढळला, की तो कोठून घरंगळत आला याचा माग काढीत उतार चढायचा आणि मूळ थर गाठायचा. पुढे कुंचला व बारीक सुया घेऊन माती कणाकणाने दूर करायची. मोहिमेचे प्रमुख पुराजीवशास्त्रज्ञ वॉल्टर ग्रेंजर हे यात निष्णात होते. ठिसूळ हाडावर पातळ कागद चिकटवून, त्यावर पिठाच्या खळीत भिजविलेले गोणपाट गुंडाळून ते त्याला कवच घालीत व पेटीत उंटाची लोकर भरून त्यात ते ठेवीत. एकदा पीठ कमी पडले. ते खायचे की जीवाश्मांसाठी राखायचे, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा सर्वांनी जीवाश्मांच्या बाजूने कौल दिला. खुद्द अँड्र्यूज यांना मात्र कुदळीचा मोह आवरत नसे. एखादा नमुना मोडला, की सहकारी त्याला थट्टेने अँड्र्यूज यांच्या आद्याक्षरांचे विशेषण लावीत. त्यांचे सामर्थ्य माणसे निवडण्यात व मोहीम उभी करण्यात होते, हे त्यांनाही ठाऊक होते.

१९२२ च्या सप्टेंबरात परतीच्या वाटेवर वाट चुकली असता छायाचित्रकार शॅकलफर्ड सहज थोडे दूर गेले आणि लाल वालुकाश्माच्या एका विस्तीर्ण कड्याच्या काठावर येऊन पोहोचले. बायनझाग येथील हेच ते कडे. मावळतीच्या उन्हात ते पेटल्यासारखे दिसतात म्हणून अँड्र्यूज यांनी त्यांना ज्वलंत कडे असे नाव दिले. तेथे एक कवटी मिळाली व कवचाचा एक तुकडा मिळाला. तो पक्ष्याच्या अंड्याचा असावा, असे त्या वेळी वाटले. ती कवटी एका अज्ञात डायनोसॉरची निघाली व त्याला प्रोटोसेराटॉप्स अँड्र्यूजी हे नाव मिळाले. पुढल्या वर्षी मोहीम तेथे परतली. १३ जुलै १९२३ रोजी जॉर्ज ओल्सेन यांनी अंडी सापडल्याचे सांगितले, तेव्हा आरंभी कोणी विश्वास ठेवला नाही. प्रत्यक्ष पाहिल्यावर संशय उरला नाही. सुमारे वीस सेंटीमीटर लांबीची ती लंबगोल अंडी डायनोसॉरचीच होती.

ती कोणत्या डायनोसॉरची, हे ठरविताना मात्र चूक झाली. परिसरात प्रोटोसेराटॉप्सचे सांगाडे विपुल होते. तेव्हा अंडी त्याचीच, असे मानले गेले. एका घरट्यालगत दात नसलेल्या एका लहान डायनोसॉरचा सांगाडा होता. तो अंडी चोरण्यास आला असावा या तर्काने ऑसबोर्न यांनी १९२४ मध्ये त्याला ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर, असे नाव दिले. हे नाव दिशाभूल करणारे ठरू शकेल, अशी सावधगिरीची सूचनाही त्यांनी दिली होती. १९९३ मध्ये त्याच प्रकारच्या अंड्यात ओव्हिरॅप्टरच्या कुळातील गर्भ सापडला आणि सत्तर वर्षांचा आळ दूर झाला. अंडी परक्याची नव्हती, त्याच्याच जातकुळीची होती. १९२३ मध्येच ग्रेंजर यांनी एक चिमुकली कवटी ओळख न पटलेल्या सरपटणाऱ्या प्राण्याची म्हणून न्यूयॉर्कला पाठविली होती. ती डायनोसॉरच्या काळातील सस्तन प्राण्याची आहे, हे तेथे उमगले. तसे कळविणारे पत्र १९२५ मध्ये हाती पडताच ग्रेंजर यांनी त्याच कड्यांपाशी आणखी कवट्या शोधून काढल्या. शास्त्राच्या दृष्टीने त्यांचे मोल अंड्यांहून अधिक होते. वृत्तपत्रांना मात्र अंडीच प्रिय होती.

ही लोकप्रियता मोहिमेला महागात पडली. पुढल्या मोहिमेसाठी पैसा हवा होता. सामान्य लोकांनीही देणग्या द्याव्यात यासाठी काही नाट्यमय करावे, म्हणून एका अंड्याचा लिलाव पुकारण्यात आला. टूथपेस्टमुळे आपल्या परिचयाच्या असलेल्या कोलगेट घराण्यातील ऑस्टिन कोलगेट यांनी ते ५,००० डॉलरना घेऊन कोलगेट विद्यापीठाला दिले. बातमी आशियात पोहोचली. तोपर्यंत हाडे गोळा करणारे हे परदेशी लोक निरुपद्रवी समजले जात. आता प्रत्येक अंड्याचा भाव ५,००० डॉलर, असे गणित मांडण्यात आले आणि मोहीम म्हणजे धनाची लूट, असा ग्रह झाला. या एका गोष्टीने झाले तेवढे नुकसान दुसऱ्या कशानेही झाले नाही, असे अँड्र्यूज यांनीच पुढे नमूद केले आहे.

हा ग्रह निराधार होता, असे म्हणून भागणार नाही. डुनहुआंगच्या गुहांतील हजारो हस्तलिखिते ऑरेल स्टाइन यांनी १९०७ मध्ये नेली, ही जखम चीनमध्ये ताजी होती. अंडे ज्या भूमीतून आले, त्या भूमीला लिलावापूर्वी कोणी विचारले नव्हते. हेरगिरीचा व खनिजांच्या शोधाचा संशय त्यात मिसळला. १९२५ नंतर मंगोलियाचा दरवाजा बंद झाला. १९२८ चा संग्रह चिनी अधिकाऱ्यांनी अडवून ठेवला. दीर्घ वाटाघाटींनंतर तो सुटला. १९३० मध्ये चिनी अभ्यासकांच्या सहभागाने शेवटची मोहीम निघाली. त्यानंतर अँड्र्यूज गोबीत जाऊ शकले नाहीत. ज्या आदिमानवासाठी हा खटाटोप झाला, त्याचा मागमूसही तेथे लागला नाही. पेकिंगजवळच्या झोकोदियान येथे, अँड्र्यूज राहत त्या शहरापासून मोटारीच्या अंतरावर, चिनी शास्त्रज्ञ पेई वेनझोंग यांना १९२९ मध्ये आदिमानवाची कवटी मिळाली. मानवाचे मूलस्थान तर पुढे आफ्रिकेत निश्चित झाले. संचालकपद सोडल्यावर अँड्र्यूज लेखनात रमले व ११ मार्च १९६० रोजी कॅलिफोर्नियात निवर्तले.

गोबीचे काम थांबले नाही. त्याची रीत बदलली. १९६३ ते १९७१ या काळात पोलंड व मंगोलिया यांच्या संयुक्त मोहिमा झोफिया किएलान-यावोरोव्स्का या विदुषीच्या नेतृत्वाखाली झाल्या. अँड्र्यूज यांची संस्थाही १९९० मध्ये परतली, ती मंगोलियाच्या विज्ञान अकादमीच्या सहकार्याने. लिलावाचा रोग मात्र टिकून राहिला. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गोबीतील टार्बोसॉरसचा सांगाडा दहा लाखांहून अधिक डॉलरची बोली घेऊन गेला. मंगोलियाच्या कायद्याने जीवाश्म ही राष्ट्राची मालमत्ता असल्याने त्या सरकारने हरकत घेतली आणि २०१३ मध्ये तो स्वदेशी परतला.

आपल्याकडेही हा विषय परका नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांना ठाऊक आहेत. त्याच जिल्ह्यातील डोंगरगावच्या सांगाड्याचे वर्णन कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील शास्त्रज्ञांनी केले व संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्या प्राण्याला इसिसॉरस हे नाव मिळाले. शेतातला असा दगड कुतूहलाने घरी नेणारा आणि भाव विचारणारा, दोघेही त्याची जागा, त्याचा थर व त्याची साक्ष हिरावून घेतात. ओव्हिरॅप्टरवरील आळ दूर होऊ शकला, तो कोणत्या थरात काय कशाजवळ होते याची नोंद ग्रेंजर व ओल्सेन यांच्यासारख्यांनी चोख ठेवली म्हणून. दिवाणखान्यात ठेवलेल्या अंड्यापाशी अशी कोणतीच नोंद नसते. आपल्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना डायनोसॉरच्या आकाराइतकेच हेही शिकविले, तर विदर्भाच्या मातीतील साक्षीदार पुढील पिढ्यांसाठी बोलके राहतील.