आधी टाळ्या, मग गाणं

संध्याकाळी गुलमंडीवर गाडी लावायला जागा शोधताय आणि मित्र मोबाइल पुढे करतो. आठ वर्षांची पोरगी, मोठ्या गवयासारखी तान, लाखभर लाइक्स! 'भारी' म्हणत तुम्ही व्हिडिओ पुढे ढकलता. पण या पोरीचं पुढे काय होणार? इतक्या लवकर मिळालेलं नाव तिला बाधेल का? उत्तर शोधायचं तर कुमार गंधर्वांचं आयुष्य बघा.

खरं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. तबकड्या ऐकायच्या आणि नामवंत गवयांचं गाणं हुबेहूब गाऊन दाखवायचं, ही त्याची करामत. सहा-सात वर्षांचा असतानाच एका स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' म्हटलं आणि तेच नाव कायमचं चिकटलं. दहाव्या वर्षापर्यंत हा पोरगा मैफली गाजवत होता.

पण एक लक्षात घ्या, टाळ्या पडत होत्या त्या नकलेला. गळा त्याचा, गाणं दुसऱ्यांचं. शिवाय पोराची नक्कल ऐकून लोक थक्क होतात. तेच पंचविशीत केलं तर कोण विचारतं?

अकराव्या वर्षाच्या सुमारास तो मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे आला. देवधर एकाच घराण्याला धरून बसणारे नव्हते. त्यांच्या शाळेत नाना तऱ्हेच्या गायकांची ये-जा असे. नावाजलेला पोरगा इथे विद्यार्थी झाला. ऐकलेलं नुसतं परत म्हणायचं नाही, त्यामागचा विचार समजून घ्यायचा, हे तो इथे शिकला. पुढे याच शाळेत शिकवायलाही लागला.

१९४७ मध्ये भानुमतींशी लग्न झालं आणि पाठोपाठ क्षयाने गाठलं. कोरडी हवा हवी म्हणून दोघं देवासला गेले. डॉक्टरांनी गाण्यावर बंदी घातली. भानुमतींनी शाळेत नोकरी करून घर चालवलं, आजारपणही काढलं. जवळपास सहा वर्षं कुमारजींचा गळा बंद होता, कान मात्र उघडे होते. माळव्यातली लोकगीतं त्यांनी ऐकली, त्यांच्यावर विचार केला.

स्ट्रेप्टोमायसिनच्या उपचारांनी ते सावरले. १९५३ मध्ये मैफलीत परतले, ते एक फुप्फुस निकामी झालेलं असताना. पण आता गाणं त्यांचं स्वतःचं होतं. लोकधुनांतून त्यांनी नवे राग बांधले, कबीराची निर्गुणी भजनं घराघरांत नेली. १२ जानेवारी १९९२ रोजी ते गेले, तेव्हा त्यांची लहानपणची नक्कल कुणाला आठवतही नव्हती.

आजारपण चांगलं, असं कुणी म्हणणार नाही. पण लवकर मिळालेल्या नावाने कुमारजींचं नुकसान झालं नाही, कारण टाळ्यांनंतरही शिकवणारा गुरू होता, गप्प राहण्याच्या काळात सांभाळणारं माणूस होतं. हे दोन्ही ज्यांना मिळत नाही, अशा पोरांची नावं आपल्याला माहीतच नसतात.

तेव्हा पुढचा व्हिडिओ ढकलण्याआधी एवढंच विचारा: या पोरीला शिकवतंय कोण? आणि उद्या तिला गप्प बसावंसं वाटलं, तर बसू देणार कोण?