दाभोळला उतरलेला इराणी विद्याप्रेमी

वाशिष्ठी नदीच्या मुखावरचे दाभोळ हे बहमनी काळात पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. इराण आणि अरबस्तानातून येणारी गलबते येथे लागत. १४५३ मध्ये अशाच एका जहाजातून साधारण चाळिशीतला एक इराणी व्यापारी येथे उतरला. त्याचे नाव महमूद गवान.

गवानचा जन्म कॅस्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतातला. घराणे दरबारी होते, पण राजकारणातल्या वैरामुळे त्याला देश सोडावा लागला. पुढे तो व्यापारात पडला. दाभोळहून तो राजधानी बीदरला गेला. तेथे सुलतानाने त्याची विद्वत्ता ओळखून त्याला दरबारात ठेवून घेतले आणि काही वर्षांत तो राज्याचा मुख्य वजीर झाला.

कोकणाशी त्याचा संबंध पुन्हा आला तो सेनापती म्हणून. १४६९ पासून सुमारे तीन वर्षे त्याने खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, आणि संगमेश्वरच्या मुलखात मोहीम चालवली. दाट जंगल आणि पावसाळा यांमुळे ती रेंगाळली. अखेर १४७२ मध्ये गोवाही त्याच्या हाती आले. कारभारातही त्याने शिस्त आणली. जमिनीची मोजणी करून सारा ठरवला आणि चार मोठ्या सुभ्यांचे आठ भाग करून सुभेदारांची सत्ता कमी केली.

त्याचे खरे स्मारक मात्र बीदरचा मदरसा. १४७२ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या तीन मजली वास्तूत धर्मशास्त्राबरोबर गणित, खगोल आणि तत्त्वज्ञान शिकवले जाई. ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती, असे सांगतात. दर्शनी भागावर इराणी पद्धतीच्या चकचकीत फरशा होत्या. भाजलेल्या फरशीवर काचेसारखा लेप वितळवून बसवतात. त्यात कोबाल्ट मिसळले की गडद निळा रंग येतो, तांबे मिसळले की हिरवट निळा. रंग काचेतच मुरलेला असल्याने तो ऊन-पावसात सहजी उडत नाही. म्हणूनच उरलेल्या फरशा आजही झळकतात.

सुभेदारांचे अधिकार कमी झाल्याने दरबारातला एक गट दुखावला होता. त्यांनी गवानच्या शिक्क्याच्या कागदावर ओरिसाच्या राजाला लिहिलेले बनावट पत्र तयार करून सुलतानापुढे ठेवले. नशेत असलेल्या सुलतानाने चौकशी न करता ५ एप्रिल १४८१ रोजी त्याचा शिरच्छेद करवला. नंतर घरझडती झाली, तेव्हा वजिराच्या खजिन्यात फारसे काही सापडले नाही. त्याची कमाई दानधर्मात आणि विद्येवर खर्च झाली होती. सत्य कळल्यावर सुलतान पश्चात्तापाने खचला आणि वर्षभरात वारला. पुढे बहमनी राज्यही मोडून त्याचे पाच तुकडे झाले.

१६९६ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटाने मदरशाचा काही भाग उद्ध्वस्त झाला. एक मिनार तेवढा उभा आहे, अंगावर थोड्याशा निळ्या फरशा घेऊन.